मानचित्रण प्रणालींतील आज्ञालेखन

मानचित्रण प्रणालींतील आज्ञालेखन : संगणकाच्या साहाय्याने नकाशे तयार करणाऱ्या व भौगोलिक माहितीचे विश्लेषण करणाऱ्या प्रणालीकडून लेखी आज्ञांच्या द्वारे काम करवून घेण्याच्या पद्धतीस आज्ञालेखन म्हणतात. कळफलकावरून एका वेळी टंकित केलेल्या एका आज्ञेस आज्ञापंक्ती आणि अनेक आज्ञा क्रमवार लिहून फाइलीत साठविल्या असता त्या लेखास आज्ञालेख किंवा स्क्रिप्ट अशी संज्ञा आहे. याउलट पडद्यावरील खिडक्या, मेन्यू, बटणे व संवादचौकटी यांच्या साहाय्याने प्रणाली चालविण्याच्या सोयीस चित्रमय आंतरपृष्ठ म्हणतात. या दोन पद्धती परस्परविरोधी आहेत, असा सामान्य समज आहे. मानचित्रण प्रणालींच्या इतिहासात मात्र त्यांचा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्या प्रणालींनी बटणामागील आज्ञा उपयोगकर्त्यापासून लपविली नाही, त्यांत चित्रमय आंतरपृष्ठच आज्ञालेखनाचे शिक्षक ठरले. प्रस्तुत नोंदीत या संबंधाचा विकास मुख्यतः ग्रास या प्रणालीच्या आधारे दिला आहे.

आज्ञेचे स्वरूप : आज्ञापंक्तीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे ज्या कार्यक्रमाने काम करावयाचे त्याचे नाव आणि दुसरा भाग म्हणजे त्या कार्यक्रमास पुरवावयाची प्राचले. उदा., ओढ्यांच्या दोन्ही बाजूंस शंभर मीटर रुंदीचा पट्टा आखावयाचा असल्यास ग्रासमध्ये ‘आर.बफर इनपुट=ओढे आउटपुट=पट्टा डिस्टन्सेस=१००’ अशा स्वरूपाची पंक्ती लिहितात. यातील आरंभीचे अक्षर कामाचा वर्ग दाखविते : ‘आर’ हे रास्टर म्हणजे चौरसांच्या जाळीत साठविलेल्या नकाशांसाठी, ‘व्ही’ हे बिंदू, रेषा व बहुभुज यांनी बनलेल्या व्हेक्टर नकाशांसाठी, ‘आय’ हे उपग्रह प्रतिमांसाठी, तर ‘जी’ हे सर्वसाधारण व्यवस्थेसाठी योजिले आहे. पुढे आदान नकाशा, प्रदान नकाशा आणि अंतर ही तीन प्राचले येतात. अशी पंक्ती वाचता येणाऱ्यास कोणते काम, कोणत्या नकाशावर आणि कोणत्या मापाने केले, हे एका दृष्टिक्षेपात समजते. हेच काम बटणे दाबून केल्यास नकाशा तोच मिळतो. परंतु काम कसे झाले याचा मागमूस पडद्यावर उरत नाही.

प्रारंभीचा काळ : संगणकीय मानचित्रणाच्या आरंभी उपयोगकर्ता आणि यंत्र यांच्यात प्रत्यक्ष संवाद नव्हता. वास्तुशिल्पज्ञ हॉवर्ड फिशर यांनी १९६३ नंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विकसित केलेला सायमॅप हा कार्यक्रम छिद्रित पत्रांवर चाले. फिशर यांनी १९६५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा स्थापन केली व तेथे या कार्यक्रमाचा पुढील विकास व प्रसार झाला. प्रदेशाची सीमारेषा, निरीक्षणस्थाने, त्यांवरील मूल्ये आणि नकाशाचे पर्याय यांची छिद्रित पत्रे ठरावीक क्रमाने रचून ती संगणकास द्यावी लागत. नकाशा ओळमुद्रकावर छापला जाई आणि एकाच जागी अनेक अक्षरे उमटवून छायाभेद दाखविला जाई. ही पद्धत कष्टप्रद होती; परंतु पत्रांचा गठ्ठा जपून ठेवला की तोच नकाशा पुन्हा काढता येई. गठ्ठा हीच कामाची नोंद होती. या अर्थाने पुढील काळातील आज्ञालेखाचा तो पूर्वज होय.

कॅलिफोर्नियातील रेडलँड्‌स येथील एन्व्हायर्नमेंटल सिस्टिम्स रिसर्च इन्स्टिट्यूट या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९८२ मध्ये आर्क/इन्फो ही प्रणाली बाजारात आणली. ती सर्वस्वी टंकित आज्ञांवर चाले. आज्ञेचे केवळ नाव टंकित केले असता तिला लागणाऱ्या प्राचलांचा क्रम पडद्यावर उमटे. पाठांतराला मदत करणारी ही सोय अल्प असली, तरी आज्ञा शिकविण्याचे काम प्रणालीनेच करावे, या कल्पनेचे बीज तीत दिसते. पुढे आर्क मॅक्रो लँग्वेज (संक्षेपाने एएमएल) या भाषेची जोड मिळाल्यावर आर्क/इन्फोमध्ये आज्ञांचे लेख लिहून ते चालविता येऊ लागले.

ग्रासचा उदय : जिओग्राफिक रिसोर्सेस ॲनालिसिस सपोर्ट सिस्टिम या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘ग्रास’ हे नाव आले. इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथील अमेरिकी लष्कराच्या बांधकाम अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून तिचा विकास सुरू झाला. लष्कराच्या ताब्यातील विस्तीर्ण जमिनींचे व्यवस्थापन करताना मृदा, वनस्पती, उतार व पाणी यांचा एकत्रित विचार करता यावा, हा तिचा मूळ उद्देश होता. ती युनिक्स या परिचालन प्रणालीवर रचली गेली. लहान लहान स्वतंत्र कार्यक्रम लिहावेत व ते एकमेकांस जोडून मोठे काम साधावे, हे युनिक्सचे तत्त्व ग्रासने स्वीकारले. त्यामुळे ग्रासमधील प्रत्येक क्रिया हा एक स्वतंत्र कार्यक्रम असून युनिक्सच्या कवच-भाषेत, म्हणजे शेलमध्ये, या कार्यक्रमांचे आज्ञालेख लिहिता येत. शासकीय निर्मिती असल्याने ती सार्वजनिक मालकीची होती व तिचा मूळ संकेतलेख कोणासही वाचता येई.

या काळातील ग्रासमध्ये कार्यक्रमाचे नाव प्राचलांवाचून टंकित केल्यास प्रणाली एकामागून एक प्रश्न विचारी : आदान नकाशा कोणता, प्रदान नकाशास कोणते नाव द्यावयाचे, अंतर किती, इत्यादी. नवशिक्या उपयोगकर्ता या प्रश्नांची उत्तरे देत काम पूर्ण करी. अनुभवी उपयोगकर्ता तीच उत्तरे एका पंक्तीत लिहून प्रश्नोत्तरे टाळी. एकाच कार्यक्रमाची ही दोन मुखे होती आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग सरळ होता.

प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या आवृत्तींपैकी ४.१ ही आवृत्ती १९९३ मध्ये आली. त्यानंतर काही वर्षांत प्रयोगशाळेने हे काम थांबविले. टेक्ससमधील बेलर विद्यापीठातील अभ्यासगटाने १९९७ मध्ये ४.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीतील हॅनोव्हर विद्यापीठात मार्कुस नेटेलर यांच्या पुढाकाराने विकासाची सूत्रे नव्या गटाकडे गेली आणि १९९९ मध्ये ग्रासला जीएनयू सार्वजनिक परवाना लागू करण्यात आला. तेव्हापासून तिचा विकास निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवी तज्ञ करीत आले आहेत.

चित्रमय आंतरपृष्ठाचा प्रसार व त्याचा परिणाम : १९८४ मधील मॅकिंटॉश संगणकानंतर खिडक्या व मेन्यू यांची पद्धत सर्वसामान्य झाली. १९९० नंतरच्या दशकात आर्कव्ह्यूसारख्या प्रणालींमुळे मानचित्रण हे विशेषज्ञांपुरते मर्यादित राहिले नाही. नियोजन, वनखाते, आरोग्य, शिक्षण इ. क्षेत्रांतील व्यक्तींना आज्ञा पाठ न करता नकाशे काढता येऊ लागले. हा लाभ निर्विवाद होता. त्याबरोबर काही हानीही झाली. एकाच प्रकारचे काम शंभर नकाशापत्रांवर करावयाचे असल्यास तीच संवादचौकट शंभर वेळा उघडावी लागे आणि त्यांपैकी एखाद्या वेळी चुकीचा आकडा भरला गेल्यास चूक नेमकी कोठे झाली, हे शोधणे अवघड होई. काम करणारी व्यक्ती बदलली की पद्धतीही तिच्याबरोबर जाई.

आर्कव्ह्यूमध्ये या उणिवेवर अंशतः उपाय होता. तिच्या मेन्यू व बटणांमागे ॲव्हेन्यू या भाषेतील लेख असत आणि प्रणालीतील अंगभूत लेख संपादकात उघडून वाचता येत. बटण काय करते हे त्याचा लेख वाचून समजून घ्यावे, त्याची प्रत काढावी, तीत थोडा फेरफार करावा आणि ती नव्या बटणास जोडावी, या क्रमाने अनेकांना आज्ञालेखनाची पहिली ओळख झाली.

एकच वर्णन, दोन मुखे : ग्रासच्या प्रारंभीच्या चित्रमय आंतरपृष्ठांपैकी टीसीएल/टीके या साधनांनी बनविलेल्या आंतरपृष्ठात संवादचौकटींची वर्णने स्वतंत्रपणे लिहिलेली असत. त्यामुळे कार्यक्रमात नवे प्राचल आले, तरी चौकट जुनीच राहण्याचा संभव असे. सहाव्या पिढीच्या आवृत्तींत (६.०, २००५) ही अडचण मुळातूनच दूर झाली. ग्रासमधील प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी त्याच्या प्राचलांचे वर्णन असते : नाव, प्रकार, आवश्यक की ऐच्छिक, गृहीत मूल्य आणि स्पष्टीकरण. पृथक्कारक नावाचा एक सामाईक भाग हे वर्णन वाचतो. टंकित पंक्तीची तपासणी, साहाय्य-मजकूर आणि संवादचौकट या तिन्ही गोष्टी त्या एकाच वर्णनातून निर्माण होतात. म्हणून चौकटीतील प्रत्येक रकान्याला आज्ञापंक्तीतील एक प्राचल तंतोतंत जुळते.

या रचनेचे शैक्षणिक फळ मोठे आहे. पायथन भाषेतील साधनांनी बनविलेल्या व ६.४ या आवृत्तीबरोबर (२०१०) स्थिरावलेल्या आंतरपृष्ठात संवादचौकट भरत असताना तिच्या तळाशी तयार होणारी आज्ञापंक्ती दिसत राहते. रकान्यात शंभराऐवजी दोनशे लिहिले की खालील पंक्तीतही तो आकडा बदलतो. बटण दाबून ती पंक्ती जशीच्या तशी उचलता येते. काम पूर्ण झाल्यावर चालविलेली आज्ञा व तिचे निष्कर्ष प्रदान-पटलावर उमटतात. याशिवाय ग्रास ही आज्ञा निर्माण झालेल्या रास्टर नकाशाच्या इतिहासनोंदीतही साठविते, ‘आर.इन्फो’ ही आज्ञा दिली असता नकाशा कोणत्या आज्ञेने जन्मास आला, ते वाचता येते.

शिकण्याचा क्रम : या सोयींमुळे चित्रमय आंतरपृष्ठातून आज्ञालेखनाकडे जाण्याचे पाच टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात शिकणारा चौकट भरतो आणि खालील पंक्तीकडे केवळ पाहतो. दुसऱ्यात ती पंक्ती उचलून तो आज्ञापटलावर चालवितो व त्याच परिणामाची खात्री करून घेतो. तिसऱ्यात एखादे प्राचल हाताने बदलतो; येथे वाचनाचे लेखनात रूपांतर होते. चौथ्यात अशा अनेक पंक्ती फाइलीत क्रमाने ठेवून पहिला आज्ञालेख तयार होतो. पाचव्यात नकाशाच्या ठरावीक नावाच्या जागी चल येते आणि पंक्तींभोवती आवर्तन लिहिले जाते. शंभर नकाशापत्रांचे काम या ठिकाणी एका लेखात मावते.

सातव्या पिढीत (७.०, २०१५) ग्रासबरोबर येणारे शेलमधील लेख पायथन भाषेत पुन्हा लिहिण्यात आले. विंडोज या परिचालन प्रणालीवर युनिक्सचे शेल अंगभूत नसल्याने या बदलास विशेष महत्त्व होते. पायथनमध्येही कार्यक्रमाचे नाव आणि प्राचलांच्या जोड्या हाच सांगाडा कायम राहतो. त्यामुळे आज्ञापंक्ती वाचता येणाऱ्यास तिचे पायथनमधील रूप फारशा प्रयासाविना ओळखता येते.

या क्रमाची परिणती लक्षणीय आहे. स्वतः लिहिलेल्या लेखाच्या आरंभी प्राचलांचे वर्णन ठरावीक पद्धतीच्या टिपांत दिले असता ‘जी.पार्सर’ हा कार्यक्रम त्या लेखालाही संवादचौकट बहाल करतो. चौकटींतून आज्ञा शिकलेली व्यक्ती अशा रीतीने इतरांसाठी चौकट निर्माण करू शकते. उपयोगकर्ता व साधननिर्माता यांच्यातील भेद येथे पुसट होतो.

इतर प्रणालींतील मार्ग : आर्क/इन्फोमध्ये ‘वॉच’ या निर्देशाने टंकित आज्ञांची नोंद फाइलीत होत असे व दुसऱ्या एका निर्देशाने त्या नोंदीचे एएमएल लेखात रूपांतर करता येई. याच संस्थेच्या आर्कजीआयएस या प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत (२००४) एकच विश्लेषण-साधन संवादचौकट, आकृतीच्या रूपातील कार्यप्रतिमान, आज्ञापंक्ती आणि पायथनसारख्या भाषेतील आज्ञालेख अशा चार मार्गांनी वापरण्याची सोय झाली. दहाव्या आवृत्तीत (२०१०) आज्ञापंक्तीच्या जागी पायथनची खिडकी आली आणि चौकटीतून पार पाडलेल्या कामाचा पायथनमधील तुकडा निष्कर्षांच्या यादीतून उचलता येऊ लागला.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये आरंभिलेल्या क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीची १.० आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रँक वॉरमरडॅम यांनी १९९८ पासून विकसित केलेला जीडीएएल हा कार्यक्रमसमूह निरनिराळ्या स्वरूपांतील भौगोलिक माहितीचे वाचन व रूपांतर करतो. तो मूलतः आज्ञापंक्तीवर चालणारा आहे. क्यूजीआयएसमध्ये त्याच्या संवादचौकटीच्या तळाशी प्रत्यक्ष आज्ञा दाखविली जाते. २.० या आवृत्तीत (२०१३) अंगभूत झालेला प्रक्रिया-विभाग चालविलेल्या प्रत्येक क्रियेचा इतिहास जपतो आणि आकृतीच्या रूपात जुळविलेले कार्यप्रतिमान पुढील आवृत्तींत पायथनमध्ये उतरविता येते. २०२० पासून हीच साधने क्यूजीआयएसची खिडकी न उघडता आज्ञापंक्तीवरूनही चालविता येऊ लागली. मूळ आज्ञांवर खिडक्या चढविणारा प्रवाह ग्रासमध्ये आढळतो, तर खिडक्यांपासून आज्ञांकडे जाणारा प्रवाह क्यूजीआयएसमध्ये आढळतो. दोन्ही प्रवाह अखेर एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

मर्यादा : चौकटीतून उचललेली पंक्ती पूर्ण सत्य सांगतेच, असे नाही. ग्रासमध्ये रास्टर नकाशांवरील क्रिया त्या वेळी ठरविलेल्या गणनक्षेत्रापुरतीच होते. क्षेत्राच्या चारही सीमा व जाळीतील चौरसाचे माप ‘जी.रीजन’ या आज्ञेने आधी निश्चित केलेले असते; ते पुढील पंक्तींत लिहिलेले नसते. परिणामी, तोच आज्ञालेख दुसऱ्या दिवशी वेगळ्या गणनक्षेत्रात चालविल्यास त्रुटीचा कोणताही संदेश न येता वेगळा नकाशा तयार होऊ शकतो. गणनक्षेत्र ठरविणारी आज्ञा लेखाच्या आरंभीच लिहिणे, हा यावरील उपाय होय. फाइलींचे संपूर्ण मार्ग लेखात उतरले असल्यास तो दुसऱ्या संगणकावर चालत नाही. नावांत रिकाम्या जागा असल्यास ती अवतरणचिन्हांत न दिल्याने पंक्ती तुटते. शेलमधील लेखात एखादी आज्ञा असफल झाली, तरी थांबण्याची सूचना नसल्यास पुढील आज्ञा चालूच राहतात व अपुऱ्या नकाशावर पुढचे काम रचले जाते.

नोंदवहीतून जशाच्या तशा घेतलेल्या आज्ञांत चुकीचे प्रयत्न व फेरप्रयत्नही असतात. त्यांची निवड माणसालाच करावी लागते. शिवाय आवर्तन, अट व त्रुटींची हाताळणी या गोष्टी कोणतीही चौकट दाखवीत नाही, कारण चौकट एका वेळी एकच क्रिया जाणते. त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागतो. चौकट शब्द व वाक्ये शिकविते, परिच्छेद रचणे शिकवीत नाही, असे याचे सार सांगता येईल.

महत्त्व : पूररेषा, वनक्षेत्राची सीमा, जलाशयाखाली जाणारी जमीन यांसारख्या विषयांवरील निर्णय नकाशांच्या आधारे घेतले जातात. अशा नकाशावर आक्षेप आल्यास तो कसा काढला हे दाखविता येणे आवश्यक असते. आज्ञालेख उपलब्ध असल्यास दुसरी व्यक्ती तीच माहिती घेऊन तोच नकाशा पुन्हा काढू शकते आणि एखादे अंतर किंवा मर्यादा बदलल्यास निष्कर्ष किती बदलतो, हेही तपासू शकते. केवळ बटणांनी काढलेल्या नकाशाबाबत काढणाऱ्याच्या स्मरणावर विसंबावे लागते.

अर्थात प्रत्येक उपयोगकर्त्याने आज्ञालेखनात पारंगत व्हावे, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. चित्रमय आंतरपृष्ठाने मानचित्रणाचे क्षेत्र अनेकांना खुले केले, हे त्याचे कार्य मोलाचेच आहे. परंतु आंतरपृष्ठाने आपण चालविलेली आज्ञा उघडपणे दाखवावी, ती उचलू द्यावी आणि निर्माण झालेल्या नकाशाबरोबर जपावी, या तीन गोष्टींचा खर्च अल्प व लाभ मोठा आहे. ज्याला केवळ नकाशा हवा, त्याला त्यांचा अडथळा होत नाही. ज्याला नकाशामागील रीत समजून घ्यावयाची आहे, त्याच्यासाठी मार्ग खुला राहतो. छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यात कामाची जी नोंद आपोआप राहत असे, ती या योगे खिडक्यांच्या युगातही टिकून राहते.